बासष्टावं कलम आणि ड्युरियनची खिडकी

हे कोणी खरं मानणार नाही. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी मानलं नाही, आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत घडलं ते तर अजून आपलेच डोळे चोळताहेत. तेव्हा पटवून घ्यायची घाई नको. कॉफी सांगा, खुर्ची सावलीत ओढा, आणि हसायचं झालं तर जरा बेतानं हसा. कोपऱ्यात तोंडापुढे पेपर धरून बसलेल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्रास नको. ते रोज तिथेच बसतात, एकच पान तासभर वाचतात आणि कोणाशी अक्षर बोलत नाहीत.

तर समोर, आपल्या बेटावरच्या या बालिक पुलाऊ गावाच्या वळणावर, ती आ हिनची ड्युरियनची गाडी, म्हणजे त्या काटेरी, उग्र वासाच्या फळांची. आ हिन म्हणजे असा माणूस, की झाडावरून फळ पडल्याचा आवाज ऐकून सांगायचा, आत किती गरे आहेत आणि त्यातला कितवा कडवट आहे. त्याला एकच मुलगी, यिनफोंग. ती टेकडीवरच्या विद्यापीठात कायदा शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. ती दुसऱ्या वर्षाला पोचायच्या आधीच आ हिननं ती वकील झाल्याचं सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं होतं.

"ए लॉयर, टरफलं उचल!" असं तो भर रस्त्यात ओरडायचा. गिऱ्हाईक वळून बघायचं. त्याला तेच हवं असायचं.

पोरगी टरफलं उचलायची आणि मनातल्या मनात मरायची. कारण ती व्यापारी कायद्याच्या पेपरात दोनदा नापास झाली होती आणि हे बापाला माहीत नव्हतं. विद्यापीठाचा नियम असा, की दोनदा नापास झालेल्याला तिसऱ्या वेळी लेखी परीक्षा नाही, तोंडी. आणि तोंडीतही नापास झालात की टेकडी उतरायची ती कायमची.

हा पेपर प्रोफेसर पोन्नुदुरै यांचा. त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांची टिपणं त्यांच्या पोटाच्या घेरापेक्षा जुनी. कागद इतका पिवळा, की पान उलटताना ते आधी हात जोडायचे म्हणे. त्या टिपणांतला सगळा माल विलायती. लोकर, गहू, लाकडी पिंपं, जहाजावर भिजलेला चहा. तीस वर्षं त्यांनी या बेटावरच्या पोरांना लोकरीच्या गठ्ठ्यांचे खटले शिकवले. बत्तीस डिग्री उकाड्यात, पंख्याखाली घाम पुसत पोरं लिहून घ्यायची, की लोकरीत चिकट पदार्थ राहिला तर अंगाला खाज सुटते आणि विक्रेता जबाबदार ठरतो. लोकरीचे कपडे घातलेला माणूस त्यांतल्या एकानंही पाहिला नव्हता.

आणि आता गंमत ऐका. या पोन्नुदुरै सरांना वास येत नसे. नवव्या वर्षी ताप आला, ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. हे त्यांच्या घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. पंचक्रोशीत ड्युरियनचा मोसम सुरू झाला की कुत्रीसुद्धा माना वर करून चालतात, पण सर मात्र मोसम संपल्यावर कॅलेंडर बघून म्हणायचे, "यंदा पीक बरं होतं म्हणे."

"मालविक्रीचा कायदा शिकवतो आणि मालाचा वास नाही?" बस चालवणारा मनीअम इथे हटकून विचारतो.

तेच तर. विद्यापीठात त्यानं कोणाचं अडत नाही.

यिनफोंग नापास का व्हायची, तेही ऐका. प्रश्न असायचा, ‘अ’नं ‘ब’ला नमुना दाखवून माल विकला, माल खराब निघाला, तर काय? यिनफोंग लिहायची ते गाडीवर जे व्हायचं ते. विक्रेता फळ कानाशी धरून हलवतो. देठ बघतो. मग सुरीनं सालीत एक त्रिकोणी खिडकी पाडतो. गिऱ्हाईक वास घेतं, बोटानं गर दाबून बघतं. मान डोलली तर फळ त्याचं. नाही डोलली तर विक्रेता ते बाजूला टाकतो आणि दुसरं उचलतो. खिडकीतून बघून घेतलेलं फळ खराब निघालंच तर तेही बदलून मिळतं. पण खिडकी पाडूच दिली नाही, तर फळ ज्याच्या नशिबी त्याच्या. यावरून बालिक पुलाऊत आजवर कोणी कोर्टात गेलेलं नाही.

सरांचा लाल शेरा असायचा, "निवाडा कुठे आहे?"

तिची खोलीतली जोडीदारीण नूर शफीका हिला मात्र पंचाण्णव मिळायचे. शफीकाला तीनशे निवाडे तोंडपाठ होते, वादी-प्रतिवादी आणि सालासकट. कपडे धुताना ती ते चालीवर म्हणायची. एकदा तिला बाजारात मासळी आणायला धाडलं, तर कोळिणीसमोर अर्धा तास उभी राहून ती रिकाम्या हातानं परत आली.

"काय झालं गं?" यिनफोंगनं विचारलं.

"अगं, मासे मांडून ठेवणं हा प्रस्ताव की प्रस्ताव करायचं आमंत्रण, हेच ठरेना. तेवढ्यात मासे संपले."

अशा मुलीला पंचाण्णव. आणि बारा वर्षं गाडीवर उभी राहून माल विकलेली पोरगी नापास.

तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, ऐन मोसमात, सकाळी दहाला आ हिनच्या गाडीसमोर एक जुनी मोटार थांबली आणि तीतून पोन्नुदुरै सर उतरले. यिनफोंग टरफलांच्या पाटीमागे बसली ती बसलीच. घडलं असं होतं, की ज्या लंडनच्या पंडितांच्या पुस्तकावरून सरांनी टिपणं उतरवली होती, ते पंडित साक्षात बेटावर येत होते आणि सरांच्या घरी जेवणार होते. पाहुण्यांनी पत्रात लिहिलं होतं, ‘ड्युरियन नावाचं फळ चाखायची फार इच्छा आहे.’

"दहा हवेत. उत्तम प्रतीचे," सर म्हणाले.

"या बॉस, बसा बॉस," आ हिननं ‘लाल कोळंबी’ जातीचं एक फळ उचललं, कानाशी हलवलं आणि सुरी टेकवली.

"थांबा!" सर ओरडले. "कापू नका!"

"कापत नाही बॉस, खिडकी पाडतो. वास घ्या, दाबून बघा."

सरांचा चेहरा क्षणभर उतरला. त्या फळाकडे त्यांनी असं बघितलं, जसं न वाचता येणारा माणूस पुढ्यात आलेल्या पत्राकडे बघतो. पण वकिली रक्त. लगेच सावरले.

"उघडलेला माल म्हणजे खराब केलेला माल. मला अखंड हवा. आणि हे असं तोंडी चालणार नाही. करार करू."

त्यांनी बॅगेतून सात पानं काढली. पहिल्या पानावर होतं, ‘ड्युरियन म्हणजे ड्युरियन, आणि त्यात संदर्भानुसार एकाहून अधिक ड्युरियनचा समावेश होतो.’ तिसऱ्या पानावर होतं, ‘विक्रेता सदर माल कापणार नाही, उघडणार नाही, टोचणार नाही, हलवणार नाही, तसेच कानाजवळ नेणार नाही.’ पाचव्या पानावर, भूकंप झाल्यास काय करायचं ते.

आ हिननं पाटीमागे बघून हाक मारली, "ए लॉयर, काय लिहिलंय बघ गं!"

झालं. यिनफोंग उठली. सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तू? तिसऱ्या वेळची ना?"

"तिसरी काय?" आ हिननं विचारलं.

"वर्गात तिसरी, पप्पा," यिनफोंग म्हणाली आणि पटापट पानं वाचू लागली. "पप्पा, यात खिडकी पाडायला मनाई आहे. हलवायलाही."

"मग असं कसं विकायचं? बॉस, न बघता नेलंत तर माझी हमी नाही. इथली पद्धतच तशी आहे. कोणालाही विचारा."

"पद्धत मला ठाऊक आहे," सर म्हणाले. "मला नको आहे. सही करा."

आ हिननं खांदे उडवले. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्यानं सात पानांवर सात सह्या केल्या, सातही पिवळ्या बोटांच्या. दहा अखंड ड्युरियन मोटारीच्या डिकीत गेले आणि मोटारीच्या काचा बंद करून सर शांतपणे निघून गेले. काचा बंद! रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते.

त्या जेवणाची हकीगत सरांच्या स्वयंपाकिणीनं सांगितली, तेव्हा ती खरीच. पांढरी चादर, चांदीचे काटे-चमचे. पहिलं फळ उघडलं, तर आत गर साबणासारखा कडक. दुसऱ्यानं पाणी धरलेलं. तिसऱ्यातून एक अळी बाहेर आली, तिनं लंडनच्या पाहुण्याकडे पाहिलं आणि ती परत आत गेली. चौथं तर इतकं सडलेलं, की भिंतीवरची पाल सुटली ती थेट समुद्रापर्यंत. पाहुण्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. आणि पोन्नुदुरै सर? ते त्याच फळाचे तीन गरे मिटक्या मारत खात होते.

"घ्या ना! चव झकास उतरली आहे की नाही?"

"अतिशय विचारप्रवर्तक," पाहुणा म्हणाला आणि पुढचे दोन दिवस हॉटेलच्या बाथरूममध्ये राहिला. जाताना त्यानं सरांच्या टिपणांबद्दल एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सर आ हिनच्या गाडीवर आले ते सात पानं फडकवतच. "माल विक्रीयोग्य नव्हता! नुकसानभरपाईची नोटीस येईल."

"बॉस, खिडकी नको कोण म्हणालं?"

"कोर्टात बोला."

आ हिन हसून घालवणारा माणूस, पण त्या दुपारी त्यानं तीन गिऱ्हाइकांना चुकीची फळं दिली. संध्याकाळी तो मुलीला म्हणाला, "काळजी नाही. आपल्या घरात वकील आहे." यिनफोंगला त्या वेळी टरफलांच्या पाटीत शिरून वरून झाकण लावावंसं वाटलं.

त्या आठवड्यात ती सरांची टिपणं सोडून मूळ कायदा वाचायला बसली. हे विद्यापीठात कोणी करत नसे. शफीका घाबरलीच.

"अगं, कायदा काय वाचतेस? त्यातून प्रश्न येत नाहीत!"

तोंडी परीक्षेच्या दिवशी टेबलापलीकडे दोघं. पोन्नुदुरै सर आणि अधिष्ठाता दातो बदरुल; ‘दातो’ हा त्यांचा सरकारी किताब. दातो नेमणुकीच्या दिवशी त्या खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या झोपले, ते निवृत्तीपर्यंत जागे होणार नाहीत अशी विद्यापीठाची खात्री होती. त्यांच्या टेबलाखाली कोळ्यांच्या तीन पिढ्या शिकून बाहेर पडल्या होत्या.

यिनफोंगच्या पायाशी एक कापडी पिशवी होती. सात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, वरून टॉवेल बांधून तिनं आत काय आणलं होतं ते दारावरच्या रखवालदारालाही कळलं नाही.

"प्रश्न एकच," सर म्हणाले. "‘अ’ हा एक प्रतिष्ठित, विद्वान गृहस्थ. ‘ब’ हा रस्त्यावरचा विक्रेता. ‘अ’नं ‘ब’कडून दहा नग फळं घेतली. फळं खराब निघाली. विक्रेता जबाबदार, हो की नाही?"

‘हो’ म्हणावं तर पास, पण तिच्याच तोंडचं उत्तर उद्याच्या नोटिशीत बापाच्या नावावर. ‘नाही’ म्हणावं तर समोर लाल पेन उघडं होतं. तिला गाडीसमोरचा रस्ता दिसला आणि त्या रस्त्यावरून ऐकू येणारी ती हाक.

"नाही, सर," ती म्हणाली.

पेनाचं टोक कागदाला टेकलं. "निवाडा?"

"निवाडा नाही. कलम आहे. बासष्टावं. कायदा विक्रेत्यावर जी जबाबदारी आपोआप घालतो, ती त्या व्यापाराच्या रूढीनं बाजूला पडू शकते. रूढी दोघांना बांधणारी असली तर. ‘अ’ला पद्धत ठाऊक होती. तो तसं स्वतःच म्हणाला."

सरांनी टिपणं उलटली. एकसष्टाव्या कलमाशी टिपणं संपत होती. शेवटचं पान कधीकाळी वाऱ्यानं उडून गेलं होतं, आणि तेव्हापासून टेकडीवर बासष्टावं कलम अस्तित्वातच नव्हतं. तीस वर्षांची पोरं त्याच्याशिवाय वकील झाली, त्यांतले दोघे न्यायाधीश झाले, आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"असं काही कलम नाही," सर म्हणाले.

आणि तेव्हा दातो बदरुल यांनी डोळे उघडले.

"आहे," ते म्हणाले. "हा विषय माझ्याकडे होता तेव्हा मी ते शिकवत असे." एवढं बोलून ते घटकाभर इकडे तिकडे बघत बसले. भिंतीवर नवे पंखे लागलेत हे त्यांना तेव्हा कळलं.

शिपायानं कायद्याचं पुस्तक आणलं. कलम होतं. सरांचा आवाज थोडा चढला. "ठीक. पण रूढी आहे म्हणून चालत नाही, रूढी सिद्ध करावी लागते. आणि खिडकीतून बघितलं असतं तर दोष कळला असता, हेही सिद्ध कर."

यिनफोंगनं पिशवी टेबलावर ठेवली. टॉवेल सोडला. एक पिशवी, दुसरी पिशवी. पाचवी सुटली तेव्हा शेजारच्या वर्गातल्या घटनात्मक कायद्याच्या व्याख्यानात एक मुलगा उभा राहून टाळ्या वाजवू लागला. सहावी सुटली तेव्हा आगीचा भोंगा आपोआप वाजला. सातवी सुटली, आणि ग्रंथालयातल्या मांजरी रांगेनं इमारत सोडून गेल्या.

टेबलावर दोन ड्युरियन. एक चांगलं, एक सरांच्या जेवणातल्या चौथ्यासारखं, सडलेलं. यिनफोंगनं सुरी काढली. बापासारखंच मनगट वळवून तिनं दोन्हींत त्रिकोणी खिडक्या पाडल्या.

"दातो, कुठलं घ्याल?"

दातोंनी पहिल्याचा वास घेतला आणि डोळे मिटले, या वेळी सुखानं. दुसऱ्याशी नाक नेताच त्यांनी ते दोन्ही हातांनी दूर ढकललं. "हे? हे आमच्या सासुरवाडीलासुद्धा नको."

"आता तुम्ही, सर," यिनफोंग म्हणाली.

सरांनी हात मागे घेतला. तिनं तेव्हा त्यांचा चेहरा नीट पाहिला. गाडीवर दिसला होता तोच, पत्रासमोरच्या माणसाचा.

आणि इथे, मंडळी, ते घडलं जे कोणी खरं मानत नाही. सरांनी सडक्या फळाचा तो त्रिकोण उचलला, नाकाशी नेला, आणि पन्नास वर्षं मेलेलं नाक खाड्‌कन जिवंत झालं! दोनदा शिंकले. तिसऱ्या शिंकेत कपाटाची काच फुटली. मग एकदम सगळं आलं. खडूचा वास, ओल्या भिंतींचा, टिपणांना आलेल्या बुरशीचा, शिपायाच्या तेलाचा, दोन मैलांवर बायको फोडणीत घालत असलेल्या कढीपत्त्याचा. सरांच्या गालांवरून पाणी ओघळलं. ते म्हणाले, "अरे देवा, हा इतका घाण वास मी त्या बिचाऱ्या माणसाला खायला घातला?" आणि त्यांनी लाल पेन फेकून दिलं, हिरवं मागवलं, कागदावर एवढ्या मोठ्या अक्षरात ‘पास’ लिहिलं, आणि टिपणांचा गठ्ठा खिडकीतून असा भिरकावला की त्यातली पानं अजून अधूनमधून लंकावीच्या किनाऱ्याला लाग...

"खोटं."

कोपऱ्यातला पेपर खाली आला होता. त्याच्यामागे चष्मा होता, आणि चष्म्यामागचे डोळे थेट इकडे बघत होते.

"नाक वगैरे काही जिवंत झालं नाही," ते म्हातारे गृहस्थ म्हणाले. "त्या दिवशी मला काडीचा वास आला नाही, आणि आजही येत नाही. मी तो तुकडा नाकाशी धरून नुसता बसून राहिलो. त्या पोरीनं हळूच विचारलं, ‘सर, म्हणून खिडकी नको म्हणालात का?’ मी म्हटलं, ‘हो.’ खिडकी कशासाठी असते ते ठाऊक असून ती मीच नाकारली, हे त्यात आलंच. ती पास झाली ती त्या ‘हो’वर."